जुना ऑटोपायलट: दुरुस्त केला, मग अर्धा बदलला. दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची शिडाची बोट 11 मीटर लांब, वजनानं साधारण सात टन, एका डोलकाठीची आणि चाकाच्या सुकाणूची. बोटीवर माणसं दोनच, नवरा आणि मी. अशा बोटीवर ऑटोपायलट हा तिसरा माणूस असतो. एक जण झोपलेला असतो, दुसऱ्याला शीड कमी करायचं असतं किंवा नकाशा बघायचा असतो, तेव्हा सुकाणू त्याच्याच हातात असतं. आमचा हा तिसरा माणूस 22 वर्षांचा होता.

मागच्या हंगामात एका रात्री तीनच्या सुमारास, 20 नॉट (तासाला सुमारे 37 किमी) वारा आणि मागून तिरक्या येणाऱ्या लाटा असताना, त्यानं अलार्म वाजवून काम सोडलं. मी खाली झोपले होते. बोट झटक्यात वाऱ्याकडे वळली आणि आडवी झाली. नवऱ्यानं चाक पकडलं म्हणून कुणाला इजा झाली नाही. पुढचे अकरा तास आम्ही तासातासाच्या पाळीनं चाक धरून काढले. थकलेला माणूस साध्या चुका करतो हे त्या अकरा तासांत नीट कळलं, म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहिते आहे.

परतल्यावर एका तंत्रज्ञानं दहा मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, सगळा संच बदला. मला ते पटलं नाही. ऑटोपायलट म्हणजे एक वस्तू नव्हे. दिशा सांगणारं होकायंत्र, निर्णय घेणारा संगणक, सुकाणू ढकलणारा ड्राइव्ह, सुकाणू किती वळलंय हे कळवणारा सेन्सर आणि या सगळ्यांना पोसणारी वायर, अशी ती साखळी असते. कुठली कडी तुटली हे न पाहता सगळं फेकायचं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

पहिली तपासणी मल्टिमीटरनं केली. नुसत्या उभ्या बोटीवर व्होल्टेज मोजून काही कळत नाही. मोटरवर भार असताना मोजावं लागतं. नवऱ्यानं चाक दाबून धरलं, मी ऑटोपायलटला वळायला लावलं आणि दोन ठिकाणी मोजलं. बॅटरीवर 12.4 व्होल्ट, संगणकाच्या टर्मिनलवर 10.3. म्हणजे दोन व्होल्टहून जास्त वाटेतच गायब. वायर 2.5 चौरस मिमीची आणि एका बाजूचं अंतर सात मीटर, म्हणजे जाऊन-येऊन चौदा. मोटर 12 अँपिअर ओढत असताना एवढ्या तांब्यात हिशेबानं जवळपास 1.2 व्होल्ट जातात. उरलेले नऊ दशांश कुठे गेले? फ्यूजचा होल्डर उघडला तर आतून हिरवा, पूर्ण कळंकलेला. पुढच्या जोडाला हात लावला तर चटका बसला. त्या रात्री लाटांमुळे मोटर सतत भाराखाली होती, बॅटरी अर्धी उतरलेली होती, आणि व्होल्टेज पडल्यावर संगणकानं स्वतःला बंद केलं. तो बिघडलेला नव्हताच, उपाशी होता.

वायर 10 चौरस मिमीची, कल्हई केलेल्या तांब्याची टाकली, मधले जोड काढून टाकले, वायरीच्या टोकांची धातूची टोपणं, म्हणजे लग, नीट दाबून घट्ट (क्रिम्प) केले. आता त्याच भाराखाली 0.4 व्होल्ट पडतात. महत्त्वाच्या सर्किटमध्ये तीन टक्क्यांच्या आसपास घट ठेवावी असा संकेत आहे आणि 12 व्होल्टचे तीन टक्के म्हणजे 0.36. सगळ्या कामात सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत जास्त फरक पाडणारं काम हेच होतं. ज्यांचा ऑटोपायलट जोराच्या वाऱ्यात अचानक सुटतो त्यांनी आधी हे मोजावं, असं मी अगदी आग्रहानं सांगेन.

मग ड्राइव्ह उघडला. आमचा ड्राइव्ह सरळ रेषेत दांडा पुढे-मागे करणारा आहे आणि तो सुकाणूच्या खांबाला स्वतंत्र आर्मनं जोडलाय. ही जोडणी मला फार मोलाची वाटते, कारण चाकापासून सुकाणूपर्यंत जाणारी तार तुटली तरी ऑटोपायलट बोट वळवू शकतो. आत कार्बनची काळी भुकटी सगळीकडे पसरलेली होती. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश चौदा मिमीचे झिजून पाचवर आलेले. ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळा पडलेला, पण खाचा नव्हत्या. बारीक पॉलिश पेपरनं तो साफ केला, फटींतली भुकटी काढली, नवे ब्रश बसवले, बेअरिंगला वंगण दिलं. पट्टा कडेनं दोऱ्या सोडत होता, तोही बदलला. क्लच मात्र ठणठणीत निघाला. 12 व्होल्ट दिले की खट् आवाज करून पकडतो, काढले की सोडतो.

सुकाणूच्या सेन्सरनं मात्र आम्हाला दोन आठवडे छळलं. बोट सरळ जाताना नागमोडी चालायची, वळताना व्यवस्थित. या सेन्सरमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे एका पट्टीवर फिरणारा संपर्क. बोट आयुष्यातला बहुतेक वेळ सुकाणू मध्यावर ठेवून चालते, त्यामुळे पट्टी नेमकी मध्यावर झिजते. मीटरचा काटा पाहत सुकाणू हळूहळू फिरवलं तेव्हा मधल्या तीन-चार अंशांत आकडा उड्या मारताना दिसला. म्हणजे सर्वांत जास्त गरज असते तिथेच ऑटोपायलट आंधळा होता. याला साधा काट्याचा मीटर चांगला; डिजिटल मीटरवर त्या उड्या सहज निसटतात.

वायर, ड्राइव्ह आणि सेन्सर, या तीन दुरुस्त्यांनंतर जुना ऑटोपायलट दोन महिने उत्तम चालला. बाजूचा वारा, मध्यम लाटा, काही तक्रार नाही. आम्ही जवळजवळ तिथेच थांबणार होतो. पण मागून तिरक्या लाटा आल्या की जुनं दुखणं परत यायचं. लाट मागचा भाग उचलते, बोट वाऱ्याकडे वळू लागते, आणि पाच-सहा अंश वळून झाल्यावर ऑटोपायलट जागा होतो. मग जास्त सुकाणू मारतो, बोट दुसऱ्या बाजूला जाते. आमचं जुनं फ्लक्सगेट होकायंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखायचं. ते हेलकाव्यात डुलतं, म्हणून त्याचं वाचन मुद्दाम संथ केलेलं असतं. वायर किंवा ब्रश बदलून हा संथपणा जाणार नव्हता.

म्हणून शेवटी होकायंत्र, संगणक आणि कॉकपिटमधलं, म्हणजे चाकाजवळच्या उघड्या जागेतलं, नियंत्रण एवढं नवीन घेतलं. ड्राइव्ह जुनाच ठेवला. तो नव्या संगणकावर चालेल का, हे तीन आकड्यांवर ठरतं: मोटरचं व्होल्टेज, मोटरचा कमाल करंट, क्लचचं व्होल्टेज. सुकाणूच्या सेन्सरचं मात्र आधी विचारून घ्या. प्रत्येक संगणकाला प्रत्येक सेन्सरचा संकेत वाचता येत नाही. आमचा बदलावा लागलाच.

जोडणीत एक दिवस वाया गेला. बोटीवरची उपकरणं एकमेकांशी ठरलेल्या भाषेत बोलतात. वाऱ्याची माहिती जुन्या एनएमईए 0183 या भाषेत, नवीन संगणक एनएमईए 2000 वर, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागला. तरीही माहिती अधूनमधून तुटत होती. वीज बंद करून डेटाच्या दोन वायरींमध्ये रोध मोजला तर 120 ओहम. या जाळ्याच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक टर्मिनेटर असावा लागतो, म्हणजे वाचन 60 यायला हवं. एक टोक उघडंच राहिलं होतं.

होकायंत्राचं कॅलिब्रेशन शांत पाण्यात, सावकाश गोल फिरून करायचं असतं. एका फेरीला दोन मिनिटांहून जास्त वेळ दिला. पहिल्या वेळी विचलन, म्हणजे आसपासच्या लोखंड-चुंबकामुळे होणारी चूक, 14 अंश दाखवलं. एवढं ठेवून निघणं म्हणजे फसवणूक करून घेणं. शोधल्यावर कळलं की शेजारच्या कपाटात स्पीकर होता, त्याच्या मागे मोठा चुंबक. होकायंत्र दीड मीटर लांब हलवलं, पुन्हा फेऱ्या मारल्या, विचलन तीन अंश. आता त्या कपाटावर चिठ्ठी चिकटवली आहे: इथे हत्यारं, फोन, लोखंडी डबे ठेवू नयेत.

गेल्या दहा महिन्यांत सुमारे 1,400 सागरी मैल झालेत. सर्वांत मोठा फरक अर्थातच मागच्या लाटांत. नव्या होकायंत्रात तीन अक्षांचा जायरो आहे, बोट किती वेगानं वळू लागली हे ते ओळखतं, त्यामुळे दिशा फारशी बदलण्याआधीच सुकाणूवर हलका हात पडतो. पहिल्यांदा 22 नॉट वाऱ्यात हे पाहिलं तेव्हा आम्ही दोघं अर्धा तास काही न बोलता नुसते चाकाकडे बघत बसलो होतो. चाक किती कमी हलत होतं!

पण प्रतिसादाची पातळी कायम सर्वांत वर ठेवू नका. त्यानं बोट रेषेत जाते, मात्र मोटर क्षणभर थांबत नाही. आम्ही शांत पाण्यात सर्वांत खालची, एरवी मधली ठेवतो, आणि वरची फक्त मागच्या मोठ्या लाटांसाठी.

शिडांचा तोल हा विषय कुठल्याच माहितीपत्रकात नसतो, आणि वीज त्यातच वाचते. एकदा 18 नॉट वाऱ्यात पूर्ण शिडं ठेवून सरासरी 4.6 अँपिअर मोजले. सुकाणू सतत आठ-नऊ अंश वळलेलं. मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, एका घडीनं कमी केलं तर सुकाणू चार अंशांवर आणि करंट 2.7 वर आला. वेग गेला फक्त 0.2 नॉट. चोवीस तासांत हा फरक जवळपास 46 अँपिअर-तासांचा होतो. आमच्या 200 अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मेच वापरायचे असतात, त्यात ही मोठी रक्कम आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये 'सुहैली'तून एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करत होते तेव्हा त्यांचं वाऱ्यावर चालणारं सुकाणू-यंत्र वाटेतच कायमचं मोडलं. तरी शिडं आणि सुकाणू यांचा तोल साधून त्यांनी बोट घरी आणली. तोल जमला की ऑटोपायलटला करायला फार थोडं उरतं.

ऑटोपायलटची वाऱ्याच्या कोनावर चालणारी पद्धत, म्हणजे ठरलेल्या दिशेऐवजी वाऱ्याशी ठरलेला कोन धरणं, वाऱ्याकडे जाताना सुंदर आहे. आठ नॉटच्या खाली मात्र मी ती वापरत नाही. डोलकाठीचं टोक हेलकावतं, तिथल्या मापकाला खोटे झोत लागतात आणि बोट त्यांच्या मागे फिरते. शिवाय वारा हळूहळू फिरला की बोटही गुपचूप फिरते, म्हणून किनाऱ्याजवळ वारा बदलल्याचा अलार्म लावल्याशिवाय ही पद्धत नको.

तक्रारी दोन. नियंत्रणावरची बटणं ओल्या हातानं, अंधारात ओळखू येत नाहीत. जुन्याची जाड रबरी बटणं कितीतरी बरी होती. आणि बंद करण्याचं बटण दिशेच्या बटणाला इतकं खेटून आहे की दोनदा चुकून ऑटोपायलट सुटला. आम्ही त्यावर रबराचा ठिपका चिकटवलाय.

ऑटोपायलट चांगला झाल्यावर आणखी एक गोष्ट बदलली, ती मला आवडली नाही. आम्ही सैलावलो. 1972 च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम सांगतो की डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवायचा. ऑटोपायलटला समोरचं जाळं किंवा लाकडाचा ओंडका दिसत नाही. एकदा मी पंधरा मिनिटं खाली रमले आणि वर आले तर एक मासेमारी बोट फारच जवळ होती. तेव्हापासून दर दहा मिनिटांना गजर वाजतो आणि जो पहाऱ्यावर आहे तो कॉकपिटमध्ये उभा राहून चारी बाजूंना पाहतो. त्याच्या अंगाला बोटीची दोरी बांधलेली असतेच, कारण कुणी पाण्यात पडलं तर हा यंत्राचा तिसरा माणूस न थांबता पुढे जात राहील.

गेल्या आठवड्यात ड्राइव्ह पुन्हा उघडला. ब्रश चौदाचे बारा मिमी झालेत, कम्युटेटर स्वच्छ आहे, पट्ट्याला चिरा नाहीत. ब्रशची एक जोडी, दोन फ्यूज, एक पट्टा आणि कापडात गुंडाळलेला जुना संगणक, जो अजूनही चालतो, असं सगळं एका डब्यात भरून सुकाणूच्या खांबाशेजारी ठेवलंय. डब्याच्या झाकणावर आतून वायरींचे रंग लिहिलेत, मोठ्या अक्षरात, टॉर्चच्या उजेडात वाचता येतील असे.