बडोद्यात प्रीस्कूल अ‍ॅडमिशनच्या नावाखाली फसवणूक, बाहेरगावहून शिफ्ट होणाऱ्यांनी नक्की वाचा

आमचे पैसे गेले ते गेले, पण अजून कोणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. लांबलचक होईल, पण ज्यांची बदली बडोद्याला किंवा कुठेही झालीये आणि घरात लहान मूल आहे त्यांनी पूर्ण वाचा.

मागच्या वर्षी नवऱ्याची बदली पुण्याहून बडोद्याला झाली, कंपनी मकरपुऱ्याच्या बाजूला, आणि जूनच्या आत हलायचं ठरलं. भाड्याचं घर वासणा-भायली रोडला पटकन मिळालं, अडलं ते पोराच्या शाळेपाशी. गूगलवर त्या भागातली प्रीस्कूल शोधली आणि एकदोन ठिकाणी चौकशीचे फॉर्म भरले, त्यात सध्याचं शहर पुणे, शिफ्टिंग मे अखेर असं सगळं विचारलेलं असतं ते भरलं. त्याच संध्याकाळी फोन. एका मोठ्या नावाजलेल्या ब्रँडची नवीन ब्रँच तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर सुरू होतेय, जूनपासून सेशन, पहिल्या बॅचला फीमध्ये सूट. (ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा याच्याशी काही संबंधच नव्हता हे पुढे कळलं.) बाई हिंदीत बोलत होती, आडनाव ऐकल्यावर मला ताई म्हणायला लागली, पोराला काय आवडतं, डबा स्वतः खातो का, पॉटी ट्रेनिंग झालंय का, इतकं मायेने विचारत होती की शाळेतल्या टीचरशीच बोलतोय असं वाटावं.

आता वयाचा मुद्दा, आणि हा नीट समजून घ्या कारण महाराष्ट्रातून गुजरातमध्ये जाणारे सगळेच इथे अडकतात. आमच्या पोराचा जन्म ऑगस्ट २०२१ चा. महाराष्ट्रात वय मोजायला ३१ डिसेंबर धरतात, त्यामुळे पुण्यात तो जून २०२५ ला ज्युनियर केजीत गेला असता. गुजरातमध्ये १ जून धरतात, १ जूनला सहा वर्षं पूर्ण असतील तरच पहिली, २०२३-२४ पासून हे लागू झालंय, आणि पहिलीचं असं ठरलं की खालचे वर्गही त्याच हिशोबाने मागे येतात, म्हणजे आमचा पोरगा तिथे नर्सरीत. हे पहिल्यांदा ऐकलं की कुठल्याही आईबापाच्या पोटात गोळा येतो, वर्ष वाया चाललं असंच वाटतं. त्या बाईने बरोब्बर तिथेच हात घातला. म्हणाली ताई, हमारे यहाँ एज रिलॅक्सेशन हो जाता है, सहा हजार एक्स्ट्रा, बच्चा सीधा ज्युनियर केजी में.

असं काही नसतं!! एज रिलॅक्सेशन कुठलंही प्रीस्कूल देऊ शकत नाही. त्यांनी आज ज्युनियर केजीत बसवलं तरी पहिलीच्या अ‍ॅडमिशनला जन्मदाखला दाखवावाच लागतो आणि १ जून २०२७ ला आमच्या पोराची सहा वर्षं पूर्ण नसणारच, मग तिथून परत. बाळ एक वर्ष मागे बसलं तर काही बिघडत नाही, पण या नावाखाली कोणी पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा.

रजिस्ट्रेशन ५,०००, हे रिलॅक्सेशनचे ६,०००, पहिल्या टर्मची फी २४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२०, एकूण ३९,३२० रुपये. दोनच सीट राहिल्यात, आज लॉक करा, उद्या फी वाढतेय, हे रोजचं. वर्गांचा व्हिडिओ आला, रंगीत टेबलं, बॉल पूल, एप्रन घातलेल्या मावशी, सगळं छान. यूपीआयने पैसे गेले, पीडीएफ रिसीट आली, त्यावर ब्रँडचा लोगो, गोल शिक्का.

आठवडा गेला नाही तर ट्रान्सपोर्ट डिपॉझिटचे दहा हजार मागायला लागले. तेव्हा नवऱ्याच्या आत्यांना फोन केला. त्या दांडिया बाजारात राहतात, चार पिढ्या बडोद्यातच, गायकवाडांच्या काळापासूनचं घर. गुडघे दुखतात तरी म्हणाल्या, "अगं फोनवर कसली शाळा बघतेस, मी जाऊन येते ना." रिक्षा करून भर दुपारी भायलीला गेल्या. पत्त्यावर बंगला होता, गेटला नवंकोरं फ्लेक्स सुतळीने बांधलेलं, अ‍ॅडमिशन ओपन, हसरी मुलं वगैरे. पोर्चमध्ये लाल-पिवळी घसरगुंडी, पण प्लॅस्टिकमधून काढलेलीसुद्धा नाही. आत्यांनी फ्लेक्सचा कोपरा वर केला तर मागे दुसरा बोर्ड, गुजरातीत, बंगलो वेचवानो छे, म्हणजे बंगला विकायचाय, आणि खाली फोन नंबर. वॉचमनला विचारलं तर तो म्हणे, स्कूल? ना बेन, आ तो वेचवानो छे. आत्यांनी तिथूनच त्या नंबरवर फोन लावला. मालकाने सांगितलं की कोणीतरी फोटोशूटसाठी म्हणून काही दिवस जागा घेतली होती, थोडे पैसे दिले आणि मग फिरकलेच नाहीत.

मग आम्ही ब्रँडच्या हेड ऑफिसला फोन केला. वेबसाइटवर सेंटरची यादी असते, त्यात ही ब्रँच नव्हती, आणि त्यांनी सांगितलं की भायलीत आम्ही कोणाला फ्रँचायझी दिलेलीच नाही. तो व्हिडिओ माझ्या जावेने थांबवून थांबवून बघितला तर शेवटी खिडकीतून एक स्कूल व्हॅन दिसते, नंबर प्लेट एमएचची. बडोद्याच्या गाड्या जीजे ०६. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी खऱ्या शाळेचा व्हिडिओ उचललेला. रिसीट एका सीए मित्राला दाखवली, तो म्हणाला प्रीस्कूलच्या शिक्षणाच्या फीवर जीएसटी लागतच नाही, माफ आहे, आणि वर छापलेला जीएसटी नंबर २७ ने सुरू होतोय म्हणजे महाराष्ट्राचा, गुजरातचा २४ ने सुरू होतो. जीएसटीच्या साइटवर तो नंबर टाकला तर भलत्याच कुठल्यातरी दुकानाचं नाव आलं. दोन मिनिटांचं काम आहे, कोणीही करू शकतं.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. आम्ही मेसेजवर कंप्लेंट करायची धमकी दिल्यावर लगेच दुसऱ्या माणसाचा फोन, "रिफंड डिपार्टमेंट"मधून. मॅडम गलती हो गयी, पूरा पैसा वापस कर रहे हैं, क्यूआर भेजा है, स्कॅन करके पिन डाल दीजिए. नवरा शेजारीच होता, त्याने फोन हिसकावून घेतला. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळतील या आशेवर असतो आणि हे लोक त्याला पुन्हा लुबाडतात, हे मला सगळ्यात नीच वाटलं.

त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेला कळवलं. पैसे गेल्या गेल्या तक्रार केली तर समोरच्याच्या अकाउंटमध्ये असलेली रक्कम अडवता येते, आमची पुढे कुठेकुठे फिरवून झाली होती. पोलीस स्टेशनला लेखी तक्रार पण दिलीये, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, पूर्वीचं चारशेवीस. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की शाळेविरुद्ध ग्राहक आयोगात गेलं तर "शिक्षण ही सेवा नाही" हा मुद्दा काढून बऱ्याचदा केस उडते, आणि इथे तर शाळाच नव्हती, त्यामुळे फौजदारी तक्रारच धरून ठेवा.

गुजरातमध्ये २०२३ पासून प्रीस्कूलना सरकारकडे रजिस्ट्रेशन सक्तीचं केलंय. बीयू परमिशन म्हणजे बिल्डिंग वापरायचा परवाना, भाडेकरार अशा अटी आहेत आणि त्यावरून संचालकांची बरीच ओरड झाली, त्यामुळे रजिस्ट्रेशन नाही म्हणजे शाळा खोटीच असं म्हणता येणार नाही. पण कागद मागा. बीयू आणि फायर एनओसी म्हणजे अग्निसुरक्षेचा दाखला तर मागाच. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागली, त्याआधी मे २०१९ मध्ये सुरतला क्लासला लागलेल्या आगीत २२ मुलं गेली, आणि आमच्या याच बडोद्यात जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. हे कागद कोणी फालतू समजू नये आणि विचारायला लाजू पण नये. खरी शाळा चिडत नाही, फाइल काढून समोर ठेवते.

आणि पैसे भरायच्या आधी कोणालातरी तिथे उभं करा, तेही मुलं असतात त्या वेळेत. नातेवाईक नसतील तर नवीन घराच्या सोसायटीतल्या कोणाला, ब्रोकरला, कंपनीतल्या कलीगला सांगा, मुलं सुटायच्या वेळी गेटवर दहा मिनिटं थांब म्हणावं, बाहेर आलेल्या आयांशी बोल म्हणावं. यूपीआयवर पैसे जायच्या आधी नाव दिसतं, ते शाळेचं किंवा ट्रस्टचं आहे की कुठल्या माणसाचं ते बघा, आमच्या केसमध्ये माणसाचं होतं आणि बाईचं म्हणणं होतं की ते त्यांचे अकाउंटंट आहेत. नवीन ब्रँच असेल तर हेड ऑफिसचा नंबर वेबसाइटवरून स्वतः काढा, त्यांनी दिलेल्या नंबरवर विचारून उपयोग नाही.

मला राग येतो तो याचा की ज्या गुजरातमध्ये बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं, आपल्या ताराबाई मोडकांनी जिथे त्यांच्याबरोबर काम केलं, तिथे कोणीतरी साडेतीन-चार वर्षांच्या पोरांच्या नावाने असा बाजार मांडतो. आत्या अजून बालमंदिरच म्हणतात. त्यांनीच आधी बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या चेतन बालवाडीत चौकशी केली, तिथे उशीर झाला होता, मग अकोट्याला एका छोट्या शाळेत नंबर लागला. तिथल्या बाईंनी आम्हाला वर्ग चालू असताना मागे बसू दिलं, फी चेकने घेतली आणि पोराला सरळ नर्सरीत घातलं.

तक्रार अजून चालू आहे. भायली, गोत्री, सेवासी या बाजूला "नवीन ब्रँच, फाउंडर बॅच, एज रिलॅक्सेशन" असं सांगून कोणाकडून पैसे घेतले असतील तर कृपया गप्प बसू नका, रक्कम पाच हजार असली तरी १९३० ला नोंदवा, चॅट आणि रिसीट डिलीट करू नका, ट्रान्झॅक्शनचा यूटीआर म्हणजे व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. पोलीस स्टेशनला आम्हाला हेच सांगितलं की एकाच अकाउंटवर चारपाच तक्रारी आल्या तर तपासाला जोर येतो, आणि आत्तापर्यंत तिथे आमची एकट्याचीच आहे.