माडाला ‘इंजेक्शन’ देणाऱ्यांपासून सावध

गोव्यात डिचोलीच्या बाजूला दोघेजण स्कूटरवरून फिरताहेत. एकाकडे ड्रिल मशीन, दुसऱ्याकडे पांढुरक्या पाण्याचा कॅन. परसात माड दिसले की सरळ आत. आमच्या आईकडे आले तेव्हा ती एकटीच होती. “मावशी, माडांना कोळी लागलाय, दोन वर्षांत सगळे मरतील.” माडामागे 350 रुपये. 11 माडांच्या खोडांना भोकं पाडून कॅनमधलं पाणी आत सोडलं, 3,850 रोख घेतले, पावती नाही.

कोळी (नारळावर पडणारी अगदी बारीक कीड) लागला होता हे खरं, आणि गोम तिथेच आहे. पाडेल्याने (नारळ पाडणाऱ्याने) उतरवलेल्या नारळांवर देठाच्या टोपीखालून निघालेले तपकिरी, खरबरीत, भेगाळलेले चट्टे होते. कोवळ्या फळावर तोच डाग आधी फिकट त्रिकोणी दिसतो. 1998 साली केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात ही कीड भारतात पहिल्यांदा सापडली. तिच्याने माड मरत नाही. नारळ बारीक राहतो, वाकडा होतो, सोलायला जड जातो, एवढंच.

पुरावा म्हणून त्यांनी आईला एक बाटली दाखवली. आत कापसावर लाल किडे वळवळत होते. आईला चष्म्याशिवाय दिसले म्हणजे काय ते समजा! नारळावरचा कोळी भिंगाशिवाय दिसतच नाही, आणि तो लालही नसतो.

वर हा धंदा लवकर उघडा पडत नाही. जुने चट्टे कुठल्याच औषधाने जात नाहीत, नवे नारळ तयार व्हायला महिने लागतात, आणि पावसाळ्यात कोळी आपसूक कमी होतो. श्रेय कॅनला! त्या कॅनवर ना नाव, ना कीटकनाशकाच्या लेबलावर असतो तो रंगीत त्रिकोण. आत काय होतं देव जाणे. आडसर (शहाळं) काढून प्यायची आमची हिंमत होत नाही.

पैसे गेले त्यापेक्षा भोकांची काळजी जास्त आहे. आंब्याची जखम भरून येते, माडाचं खोड भरत नाही. आणि अशा ओल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. माड खरोखर मारणारा तो.

कोळ्यासाठी खोड पोखरावं लागत नाही. पेन्सिलीएवढं जिवंत मूळ तिरकं कापून, 5 टक्के अॅझाडिरॅक्टिनचं कडुनिंबाचं औषध 7.5 मिली आणि तेवढंच पाणी पिशवीत घालून ती मुळाला बांधतात. मूळ ते ओढून घेतं. औषध परवानाधारक दुकानातूनच घ्यायचं, बिलासकट. खात्री नसेल तर डाग पडलेला कोवळा नारळ विभागीय कृषी कार्यालयात नेऊन दाखवा.

ज्यांनी आधीच भोकं पाडून घेतलीत त्यांनी खोडावर नजर ठेवा. तांबूस चिकट रस गळू लागला, चावलेला भुसा बाहेर आला किंवा कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज आला, तर थांबू नका, कृषी कार्यालयाला लगेच कळवा.