खाली मान घातलेला दिवा: सात महिने वापरून

जूनच्या पहिल्या आठवड्यात इंदुरातल्या महाराणी रोडवरून कंपाउंडच्या भिंतीसाठी चार दिवे आणले. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, खोक्यावरची छपाई पुसट होती आणि दुकानदारालाही ते धड वाचता आलं नाही. वस्तू अशी: ॲल्युमिनियमची काळी खोल टोपी, तिच्या आत पार वर बसवलेला १२ वॉटचा एलईडी, रंग ३००० केल्व्हिन (म्हणजे पिवळसर, आकडा वाढला की उजेड निळसर पांढरा होत जातो), आयपी ६५ (म्हणजे धूळ आणि पाणी आत न जाऊ देणारा). एक नग ६४० रुपयांना. टोपीचा काठ दिव्याच्या बराच खाली येत असल्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिवा दिसतच नाही, फक्त उजळलेली फरशी दिसते. मला नेमकं तेच हवं होतं. दुकानदाराला ते पटेना, तो ६५०० केल्व्हिनचा पांढरा दिवा पुढे करत होता. "मैडम, पैंसठ सौ ले जाओ, एकदम दूध जैसी रोशनी. ये पीली वाली तो होटलवाले ले जाते हैं." अर्ध्या तासाने त्याने माळ्यावरून खोकी काढली, धूळ झटकली आणि वर म्हणाला, यात उजेड कमी पडला तर बदलून मिळणार नाही.

आता एवढा आटापिटा कशासाठी, ते सांगते. एप्रिलमध्ये आमच्या राजेंद्र नगरच्या गल्लीतून एक स्कूटी चोरीला गेली. रहिवासी संघाने चार दिवसांत बागेच्या कोपऱ्यावर १०० वॉटचा फ्लडलाइट ठोकला, तोही घरांकडे तोंड करून. आमच्या पुढच्या खोलीत रात्री दोन वाजता पेपर वाचता येईल इतका उजेड. पडदे दुहेरी केले. पण खरी अडचण आईची झाली. ती ८४ वर्षांची, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. अशा डोळ्यात भिंग गढूळ असतं, समोरून आलेला झोत आतल्या आत पसरतो आणि सगळं पांढरं होऊन जातं. फाटकाशी थांबून ती म्हणाली, "अगं, दिवा दिसतोय, पायरी कुठे दिसतेय?"

सदतीस वर्षं भूगोल शिकवला, तरी ही गोष्ट इतक्या थोडक्यात मला कुणाला सांगता आली नव्हती.

संघाच्या बैठकीत मी तेच बोलले आणि अर्थात कुणी ऐकलं नाही. "काकू, उजेड आहे म्हणून चोर येत नाही." मग सगळ्यांना रात्री फाटकापाशी नेलं. भाच्याला फ्लडलाइटच्या खांबाच्या मागे उभं केलं होतं. विचारलं, तिथे कोण आहे? कुणाला काही दिसेना. म्हटलं, आता तळहात असा धरा की दिवा झाकला जाईल. हात वर गेले आणि भाचा दिसला, त्याचा चट्ट्यापट्ट्यांचा शर्टसुद्धा. डोळ्यात झगझगीत उजेड गेला की बाहुली आकसते, मग दिव्याच्या आजूबाजूचा अंधार आणखी काळा होतो. चोराला लपायला त्याहून चांगली जागा कुठली? तुमच्याकडे असा दिवा असेल तर आज रात्री करून बघा, फुकटचा प्रयोग आहे.

तरीही सचिव म्हणाले, आधी तुमच्या घरी लावून दाखवा. म्हणून हे चार दिवे.

बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने पहिला दिवा उलटा लावला, तोंड आभाळाकडे! "दीदी, डेकोरेशन में ऐसे ही लगता है." काढायला लावला. (टोपी वर तोंड करून लावली तर पहिल्याच पावसात तिची वाटी झाली असती.) सात फुटांवर लावल्यावर प्रत्येक दिव्याखाली साधारण दहा फुटांचं वर्तुळ उजळतं. मी अंतराचा हिशेब चुकवला, त्यामुळे तुळशीवृंदावन आणि नळ यांच्यामध्ये एक काळा पट्टा राहिला, आणि तिथेच बादलीला अडखळून मी अंगठ्याचं नख घालवलं. पाच घ्यायला हवे होते.

पण कुलपाचं भोक दिसतं, फाटकाशी उभ्या माणसाचा चेहरा दिसतो, आई पायरी चुकत नाही. दिव्याभोवतीची पाखरं नाहीशी झाली नाहीत, कमी मात्र नक्की झाली. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त धावतात, त्यामुळे भिंतीवरच्या पालींची संख्याही घटली. चौघे मिळून ४८ वॉट. फ्लडलाइट अकरा तास जळला की रात्रीला एक युनिटाहून जास्त जायचं, हे चारही तितकाच वेळ जळले तरी अर्ध्या युनिटाच्या आसपास.

जुलैच्या बैठकीत फ्लडलाइट उतरला. त्या खांबावर टोपीचा दिवा बसला आणि वहीत ठराव लिहिला गेला: बाहेरच्या दिव्याचं तोंड जमिनीकडे, रंग ३००० च्या वर नको, बागेतली रोषणाई रात्री अकराला बंद. हे शब्द काही माझ्या डोक्यातून आले नाहीत. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावाने १९५८ सालीच जाहिरातीच्या सर्चलाइटवर बंदी घातली होती, कारण गावाशेजारी वेधशाळा. फ्रान्सच्या २०१८ च्या आदेशात रस्त्यांच्या दिव्यांना ३००० केल्व्हिनची मर्यादा आहे. आणि एवढं लांब तरी कशाला जा, महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आभाळ काळोखं राखलेल्या जागेचा दर्जा मिळाला, त्याआधी आसपासच्या गावांतले रस्त्याचे दिवे जमिनीकडे तोंड करून बदलले होते.

बैठकीत एकाने विचारलं, "आपल्याकडे असा कायदा आहे का?" देशभराला लागू असा उजेडाचा वेगळा कायदा नाही. आवाजाला आहे, २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा अशी वेळसुद्धा लिहिलेली आहे. भोंगा वाजला तर तक्रार करता येते, झोत घरात शिरला तर पडदा लावा! म्हणून आमच्या वहीतला ठराव. त्याला दंड नाही, शिक्का नाही, मोडला तर फार तर सचिव चहाला बोलावून बोलतात. समोरच्या दादांनी दिवाळीनंतरही गच्चीवरची निळी माळ महिनाभर ठेवली, तेव्हा तेवढंच झालं. माळ उतरली, चहाही संपला.

आणि इंदुरात उजेडाला नावं ठेवणारी मी कोण? अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, लहानपणापासून रात्र जागून बघितल्यात, गिरण्या बंद पडल्या तरी त्यांच्या नावाच्या झाक्या निघतात आणि मी अजूनही जाते. ती एका रात्रीची हौस. फ्लडलाइट रोजचा होता.

ताऱ्यांचं विचाराल तर फार अपेक्षा ठेवू नका. एका गल्लीने काय होणार, पश्चिमेचं आभाळ तसंच दुधट आहे. पण डिसेंबरात गच्चीवरून कृत्तिकांमधल्या चार चांदण्या मोजल्या. फ्लडलाइट होता तेव्हा गच्चीवर उभंही राहवत नव्हतं.

आता तक्रारी. चारपैकी एक नग उघड उघड पांढरा निघाला, खोक्यावर मात्र ३००० च छापलेलं. "बदलून मिळणार नाही" म्हणणाऱ्या दुकानदाराने दुसऱ्या फेरीत, कुरकुरत का होईना, बदलून दिला. पक्कं बिल मागून घ्या, मी साध्या चिठ्ठीवर घेतले होते आणि तेवढ्यावरून पाऊण तास वाद झाला. घ्यायच्या आधी दुकानातच चारही शेजारी शेजारी पेटवून बघा. दुसरं म्हणजे टोपीचे स्क्रू. साधे लोखंडी, गणपतीपर्यंत गंजले, भिंतीवर तांबडे ओघळ आले. पाणी आत गेलं नाही, तेवढं आयपी ६५ खरं निघालं. हालचाल झाली की पेटणारा सेन्सरवाला प्रकार १५० रुपये जास्त देऊन मिळत होता, नाही घेतला ते बरं झालं, आमच्या गल्लीत मांजरं फार.

गेल्या आठवड्यात समोरच्या दादांनी दुकानाचा पत्ता मागितला, त्यांना गच्चीच्या जिन्यासाठी दोन हवेत. पत्ता दिला, आणि स्टेनलेसचे आठ स्क्रू आधीच घेऊन ठेवा म्हटलं.