डायलची टायमिंग लाइट: जुन्या अँबॅसिडरच्या इंजिनावर

पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि कंडेन्सर असलेल्या १४८९ सीसीच्या अँबॅसिडरचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याचा नेमका क्षण, लावायला १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. पॉइंट उघडताच तो पेटला की डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) आवळायचा, ही फिटर मंडळींची रीत योग्यच आहे. पण बल्ब सांगतो ते बंद इंजिनाचे टायमिंग. इंजिनाचा वेग वाढतो तसा मिश्रण जळायला मिळणारा वेळ घटतो, म्हणून ठिणगी आणखी आधी पडावी लागते, आणि डिस्ट्रिब्युटरमधली वजने व स्प्रिंगा ते काम खरोखर करीत आहेत की गंजून बसल्या आहेत, हे चालू इंजिनावरच कळते. डायलची टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या प्रत्येक ठिणगीला चमकते, त्यामुळे फिरत्या पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसते. माझ्या मते ही लाइट घ्यायची ती एवढ्यासाठीच.

दोन क्लिपा बॅटरीला आणि तिसरी पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरला, बाण प्लगकडे करून लावायची. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करायचे. क्रँकच्या पुलीवरची खूण तेलकट काजळीखाली दडलेली असते, ती घासून पांढऱ्या रंगाने उठावदार करावी. मग वेग वाढवून, पांढरी रेघ पुन्हा शून्यावर दिसेपर्यंत डायल फिरवली की तिच्यावरचा आकडा म्हणजे त्या वेगाचा अॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते ते. हे अंश क्रँकचे असतात. डिस्ट्रिब्युटर निम्म्या वेगाने फिरत असल्याने त्याच्या माहितीपत्रकातले अंश दुप्पट करूनच तुलना करावी.

डायलवर आंधळा विश्वास मात्र नको. पुलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजला आणि त्याचे ३६ भाग केले, तर एक भाग १० अंशांचा होतो. त्या खुणांशी ताडून पाहता माझी लाइट आयडलवर (इंजिनाच्या मंद वेगावर) बरोबर निघाली, वेग चढल्यावर मात्र थोडा जास्त अॅडव्हान्स दाखवते. रेघ एका जागी न थांबता थरथरत असेल, तर दोष बहुधा लाइटचा नसतो. डिस्ट्रिब्युटरचे बुश झिजलेले असते किंवा टायमिंग चेन सैल पडलेली असते, आणि तो खर्च आधी करावा लागतो.

गाडीच्या पुस्तकातला टायमिंगचा आकडा त्या काळच्या पेट्रोलचा आहे. आज पंपावर २० टक्के इथेनॉलचे मिश्रण मिळते. म्हणून त्या आकड्यापासून सुरुवात करून शेवटचा निर्णय घाटात, वरच्या गिअरवर जोर दिल्यावर नॉकिंग (इंजिनातला ठकठक आवाज) ऐकू येते का, यावरच घ्यावा.

वायर आखूड आहे आणि उन्हात उजेड फिका पडतो, तेव्हा काम सावलीत करावे. या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो, त्यामुळे सैल बाही आणि लोंबती वायर दूर ठेवणे अत्यावश्यक आहे. जुन्या बुलेटवाल्यांनी मात्र ही लाइट घेऊ नये. त्या इंजिनावर बाहेरून दिसणारी खूणच नसते, तेथे पिस्टनची जागा मिलिमीटरमध्ये मोजूनच टायमिंग लावावे लागते.