‘हॅना’ की ‘स्टॉर्मब्रेकर’?

मुलांसोबत घरी बघायला यातला कोणता लावावा? दोन्ही हेरपट, दोन्हींत नायक-नायिका शाळकरी वयाचे. समीक्षकांचे मार्क बघितले तर सामना एकतर्फी आहे. रॉटन टोमॅटोजवर जो राइटच्या ‘हॅना’ला (2011) 70 टक्क्यांच्या आसपास, ‘स्टॉर्मब्रेकर’ला (2006) 35 च्या आसपास, म्हणजे अगदी काठावर. पण सोफ्यावर कोण बसणार आहे, हे त्या मार्कांना कुठे ठाऊक असतं?

‘हॅना’चं कौतुक झालं ते रास्तच. फिनलंडच्या बर्फाळ जंगलात बापाने जगापासून लपवून वाढवलेली, माणूस मारायचं शिक्षण दिलेली पोर आणि तिच्या मागावर सीआयएची बाई. सर्शा रोनन तेव्हा 16 च्या घरातली. भाबडेपणा आणि थंड नजर तिच्या एकाच चेहऱ्यावर नांदतात. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी साडेतीन तारे दिले होते. बर्लिनमधला एक प्रसंग तर पुन्हा मागे घेऊन बघावा असा: एरिक बाना चालत येतो, भुयारी स्टेशनात उतरतो, घेरला जातो, हाणामारी करतो, आणि या सगळ्यात एकही कट नाही. तक्रारी होत्या त्या कथेच्या ठिसूळपणाबद्दल आणि भडक खलपात्रांबद्दल. टॉम हॉलंडरचा ट्रॅकसूटातला, शीळ घालत येणारा मारेकरी अनेकांना अति वाटला. मला तर तोच जास्त लक्षात राहिला. परीकथेत राक्षस असायचाच.

‘स्टॉर्मब्रेकर’ची पटकथा अँथनी होरोविट्झने स्वतःच्याच, ॲलेक्स रायडर या शाळकरी हेराच्या पहिल्या कादंबरीवरून लिहिली. बिल नाय, स्टीफन फ्राय, मिकी रूर्क अशी फौज, मारामाऱ्या डॉनी येनने बसवलेल्या. तरी ‘बाँडची बालआवृत्ती’ हाच सूर उमटला: नायक झालेला ॲलेक्स पेटिफर देखणा पण कोरा, मोठे नट अतिअभिनयात सुटलेले. खोटं नाही ते. सुमारे 4 कोटी डॉलरचा खर्चही वसूल झाला नाही, त्यामुळे पुढचा भाग आलाच नाही. पण निंटेंडो डीएस या हातातल्या व्हिडिओ गेममध्ये दडवलेली हेरगिरीची यंत्रं बघून दहा वर्षांचं पोर हरखतं, त्याला पेटिफरच्या अभिनयाशी काय देणंघेणं?

तेव्हा मुलं बारा-तेराच्या आतली असतील तर बेधडक ‘स्टॉर्मब्रेकर’. ‘हॅना’ची सुरुवातच शिकारीने आणि रक्ताने होते, ती थोड्या मोठ्यांसाठी, आणि तुमच्यासाठीही. आणि पोराने ॲलेक्स रायडरच्या पुस्तकांचा आधीच फडशा पाडला असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून 2020 मध्ये सुरू झालेली ‘ॲलेक्स रायडर’ ही मालिका लावा. तिचा पहिला सीझन दुसऱ्या पुस्तकावर बेतलाय आणि तिथला ॲलेक्स बराच खरा वाटतो.