नऊ हजारांची ‘चेक केलेली’ संदर्भयादी

भूलशास्त्रात एमडी करताना मी नऊ हजार रुपये घालवले, आणि थिसिसही बुडता बुडता वाचला. रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, म्हणजे विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहून देणाऱ्यांचे नंबर कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. रात्रभर सिझेरियन, सकाळी ओटी, सबमिशन डोक्यावर. मी फोन केला. चूक माझीच, ते आधी कबूल करतो.

विषय होता गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची वेदना. आठ दिवसांत साठ संदर्भांचा गठ्ठा आला, सोबत प्लॅगिअरिझम रिपोर्ट. साम्य ७ टक्के. “सर, सगळे रेफरन्स चेक केलेत.” मी निर्धास्त झालो. पण असा रिपोर्ट काढणारं सॉफ्टवेअर फक्त वाक्यं उचललीत का ते बघतं. मूळ शोधनिबंध खरा की खोटा, याचं त्याला काही देणंघेणं नसतं.

गाईड मॅडम मसुदा चाळताना एका संदर्भापाशी थांबल्या. २००७ चा, ‘अनेस्थेशिया अँड अनाल्जेसिया’ या नियतकालिकातला, लिगामेंटच्या ऑपरेशननंतर सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी दिल्याचा. लेखक स्कॉट रूबेन. “हा कोण, माहीत आहे का तुला?”

मला माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा हा भूलतज्ज्ञ. त्याच्या २१ निबंधांतली माहिती बनावट असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं, निबंध मागे घेतले गेले आणि पुढच्या वर्षी त्याला सहा महिन्यांची कैद झाली. वेदनाशामक गोळ्यांबद्दल त्याने जे लिहिलं, त्यावर विसंबून कित्येक डॉक्टरांनी रुग्णांना औषधं दिली होती. आणि मी त्याच निबंधाच्या आधारे ‘वेदना लक्षणीय कमी होते’ असं ठोकून दिलं होतं.

तरी मला वाटलं, मॅडमची गल्लत होतेय. ग्रंथालयात जाऊन २००७ चा बांधीव खंड काढला. निबंध जागच्या जागी. तक्ते, पी व्हॅल्यू, सगळं ऐटीत. कुठे पेन्सिलची रेघसुद्धा नाही. ग्रंथपाल काका काही न बोलता पलीकडच्या कपाटातून २००९ चा खंड घेऊन आले. मागे घेतल्याची नोटीस त्यात होती! खोटं एका खंडात, त्याचा खुलासा दुसऱ्यात, आणि २००७ चा खंड उघडणारा २००९ चा कशाला उघडेल?

“मग हे पान फाडून का नाही टाकत?” मी विचारलं. काका तडकले. “फाडलं तर काय खोटं होतं तेही कुणाला कळणार नाही. चिठ्ठी लावायची असते. माणसं कमी, राहून गेलं.” प्रकाशकही तेच करतात. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा वेकफिल्डचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, पण त्यांच्या साईटवर तो आजही आहे, पानांवर ठळक लाल अक्षरांत ‘रिट्रॅक्टेड’ लिहून. मात्र तुम्ही आधीच उतरवून ठेवलेल्या पीडीएफवर ती अक्षरं आपोआप उमटत नाहीत.

त्या रात्री साठही संदर्भ पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय निबंधांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, एकेक करून तपासले. तिथे मागे घेतलेल्या निबंधावर स्पष्ट सूचना दिसते. आणखी तीन निघाले, दोन रूबेनचेच. या कामाला पैसे लागत नाहीत. मागे घेतलेल्या निबंधांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची यादी २०२३ मध्ये क्रॉसरेफ या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने घेतली आणि सगळ्यांना खुली केली. संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेत, तर निबंध मागे घेतला गेल्याचा इशारा तेच देतं. फक्त संदर्भाला डीओआय (निबंधाचा ओळखक्रमांक) किंवा पबमेड क्रमांक जोडलेला हवा. नऊ हजारांत मला एवढंही कुणी करून दिलं नव्हतं.

संदर्भयादी देणाऱ्या त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “सर, प्लॅगिअरिझम तर कमीच आहे ना?” दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. पैसे गेले ते गेलेच.

काकांनी २००७ च्या खंडात आता चिठ्ठी चिकटवली आहे. विभागाच्या कॉम्प्युटरवर ‘थिसिस मटेरियल’ नावाचं फोल्डर आहे, सीनियरकडून ज्युनियरकडे चालत आलेलं. त्यातली रूबेनची पीडीएफ मी डिलीट केली. पंधरा दिवसांनी पाहिलं, तर कुणीतरी पेनड्राइव्हवरून पुन्हा टाकली होती.