नातीच्या ऑपरेशननंतर घेतलेला डिजिटल वजनकाटा

मी 31 वर्षं कऱ्हाड तालुक्यात अंगणवाडी सेविका होते. किती पोरांची वजनं केली असतील, मोजदाद नाही. तरी स्वतःच्या पाच महिन्यांच्या नातीसाठी मला नवा काटा विकत घ्यावा लागला.

नातीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र होतं. दूध ओढताना कपाळाला दरदरून घाम यायचा, चार घोट झाले की दमून झोपायची. मार्चमध्ये पुण्याला ऑपरेशन झालं, छिद्रावर पॅच बसवला. घरी आलो तेव्हा ती 4 किलो 310 ग्रॅमची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज वजन करा, एकाच वेळी आणि एकाच काट्यावर. दिवसाला सरासरी 20 ग्रॅम वाढ दिसायला हवी.

आमचा अंगणवाडीचा काटा टांगायचा. बाळाला झोळीत घालायचं आणि ते लोंबकळत राहतं. हिच्या छातीचं हाड मधोमध उघडून पुन्हा जोडलेलं. ते सांधायला सहा आठवडे तरी जातात, तोवर काखेत धरूनसुद्धा उचलायचं नाही. एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली, असं पसाभर पाणी उचलावं तसं उचलायचं. तिला झोळीत टांगायची माझी छातीच झाली नसती. शिवाय त्या काट्यावरच्या खुणा 100 ग्रॅमच्या, आणि आम्हाला बघायचे होते 20 ग्रॅम.

सर्जिकलच्या दुकानातून 2,200 रुपयांना आणला तो सपाट, खोलगट ट्रेचा काटा. 20 किलोपर्यंत मोजतो, 5 ग्रॅमच्या टप्प्यानं. कंपनीचं नाव लिहीत नाही, बऱ्याच कंपन्यांचे असे काटे मिळतात. घेताना दोन बटणं आहेत का बघा. एक शून्य करायचं, म्हणजे दुपटं अंथरून आकडा शून्यावर आणता येतो. दुसरं होल्डचं. बाळ हातपाय झाडत असतं, आकडा पळत असतो, होल्ड दाबलं की तो थांबतो. हे नसलेला काटा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

दोष आहेत. ट्रे गार असतो, दुपट्याशिवाय ठेवलं की पोर दचकून रडतं, आणि ऑपरेशननंतर तिला फार रडू द्यायचं नव्हतं. सेल उतरले की आकडा चुकतो, पण काटा तसं सांगत नाही. मी रोज आधी मिठाची एक किलोची बंद पिशवी ठेवून बघायचे. कालचाच आकडा आला की मग बाळ. काटा फरशीवरच ठेवायचा, सतरंजीवर आकडा खोटा येतो. वेळ सकाळची, पहिल्या दुधाआधी, लंगोट काढून.

आठव्या दिवशी आकडा आला 4 किलो 570. आदल्या दिवशी 4 किलो 420 होता. लेक आनंदानं ओरडली, "आई, दीडशे ग्रॅम वाढली बघ!" वजन वाढलं की जीव सुपाएवढा व्हायचा, ही माझीही जन्माची सवय. वाढीच्या तक्त्यावर ठिपका वर सरकला की आम्ही आयांना शाबासकी द्यायचो. पण एका रात्रीत दीडशे ग्रॅम दुधानं चढत नाहीत. मिठाची पिशवी पुन्हा ठेवली, काटा बरोबर होता. मग बाळाकडे नीट पाहिलं. पापण्या सुजलेल्या. रात्रीपासून लंगोट दोनच ओले. शांत झोपली असताना श्वास मोजला, मिनिटाला 62.

हॉस्पिटलला फोन केला, त्यांनी लगेच निघायला सांगितलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. अंगात पाणी साठत होतं. लघवीच्या औषधाचा डोस वाढवून दोन दिवस ठेवून घेतलं. परत आलो तेव्हा काट्यावर 4 किलो 430. तो उतरलेला आकडा बघून मी देवापुढे दिवा लावला. नुसत्या डोळ्यांवर राहिलो असतो तर "बाळानं अंग धरलं" म्हणून आणखी दोन दिवस घालवले असते, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

मालिशवाल्या मावशी रोज विचारायच्या, कधी येऊ? डॉक्टरांनी छाती सांधल्याचं सांगेपर्यंत मी तेल बाहेर काढलं नाही. धुरीही बंद ठेवली. त्या जराशा रुसल्या, नंतर नातीला बघायला स्वतःहून आल्या.

सहा आठवड्यांनी नात 5 किलो 180 ग्रॅमची झाली. घाम येत नाही, एका दमात दूध पिते. आता रोजचं वजन बंद आहे आणि काटा कपाटावर रिकामा पडलाय. कऱ्हाडच्या आसपास कोणाच्या घरी असं ऑपरेशन झालेलं बाळ आलं असेल तर खुशाल घेऊन जा, पैसे नकोत. सेल नवे घातलेत, मिठाची पिशवीही सोबत देते.